ओल्या कड्यावरची यकृतका

आमच्या घरांतील स्त्रियांना तांदळाच्या, डाळींच्या आणि आंब्यांच्या जाति ओळखावयास कोणी शिकवावें लागत नाहीं. चुलीवर आंबेमोहोर शिजत आहे कीं कोळंब, हें माजघरांत बसून नुसत्या वासावरून सांगणाऱ्या आजीबाई आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिल्या असतील. परंतु त्याच आजीबाई विहिरीच्या पायरीवर किंवा न्हाणीघरामागच्या दगडावर जें जें हिरवें आणि निसरडें दिसेल, त्याला एकच नांव देतात : शेवाळ. मुलांचा पाय घसरूं नये, इतकाच त्यांचा त्या वस्तूशीं संबंध. म्हणून तेवढें नांव त्यांना पुरतें. शास्त्राला मात्र तें पुरत नाहीं. शेवाळ या एका नांवाखालीं निदान चार अगदीं वेगळीं कुळें नांदत असतात. डबक्यांतील लांब हिरव्या तंतूंचें शैवल हें एक. भिंतीवर मखमलीसारखी पसरणारी, जिला इंग्रजींत मॉस म्हणतात ती हरिता, हें दुसरें. बारीक शिंगासारखें फळ उभें धरणारी शृंगका हें तिसरें. आणि ओल्या दगडाला चपटी चिकटून राहणारी यकृतका हें चौथें. या चौथ्या कुळाची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आमचा आजचा हेतु आहे. ती करून देतांना, एखादी वनस्पति दुर्मीळ आहे असें कोणी आणि कशावरून म्हणावें, या प्रश्नाचाहि विचार करावा लागेल. कारण या कुळाच्या बाबतींत ओळख आणि दुर्मीळपणा या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करितां येत नाहींत.

शिरूर तालुक्यांत भीमेच्या कांठीं मांडवगण फराटा हें गांव आहे. नदीपलीकडे दौंड तालुक्याचा मुलूख लागतो. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा. कालव्याच्या आणि नदीच्या पाण्यावर येथें ऊंस उभा राहतो खरा, पण आकाशांतून पडणारें पाणी थोडेंच. अशा मुलखांत यकृतकेसारखी पाण्यावांचून न चालणारी वनस्पति कशी असेल, असें सहज मनांत येतें. परंतु दख्खनच्या कोरड्या पठारावरहि श्रावण-भाद्रपदांत ओल्या मातीवर, पाटाच्या कडेला किंवा विहिरीच्या सावलींतील दगडांवर रुपयाएवढीं हिरवीं चक्रें उमटतात. पुष्कळदां तीं रिक्सिया नांवाच्या यकृतकेचीं असतात. तीच भीमा जेथें उगम पावते त्या भीमाशंकरच्या डोंगरावर गेलें, म्हणजे सृष्टि पालटते. तेथें पाऊस मांडवगणच्या कित्येक पट पडतो. चार महिने धुकें हटत नाहीं. कड्यांतून पाणी झिरपत असतें आणि सपाट खडकांवरील बोटभर मातींत तें साचून राहतें. खालच्या गांवीं जें कूळ दोन-चार रूपांनीं दिसतें, तें वर अनेक रूपांनीं प्रकट होतें. एका नदीचा उगम आणि तिचा मधला कांठ यांची अशी तुलना करणें, हा यकृतकांच्या अभ्यासाचा फार चांगला आरंभ होय.

आतां ही यकृतका दिसते कशी, तें सांगतों. हिचे दोन मोठे घाट आहेत. एका घाटांत खोड नाहीं आणि पानहि नाहीं. हिरव्या फितीसारखा चपटा देह जमिनीला चिकटून, टोंकाशीं दुभागत दुभागत वाढत जातो. या देहाला शास्त्रांत कायक म्हणतात. दुसऱ्या घाटांत नाजुक दांडीवर पानांच्या दोन ओळी असतात आणि बहुधा खालच्या अंगाला बारीक पानांची तिसरी ओळ लपलेली असते. पहिल्या घाटाच्या कांहीं जातींचा कायक खंडयुक्त असून यकृताच्या आकाराची आठवण करून देतो. त्यावरून युरोपांतील जुन्या वैद्यांनीं ग्रीक भाषेंतील यकृतवाचक शब्दापासून हिचें नांव पाडिलें. ईश्वरानें प्रत्येक वनस्पतीच्या आकारांतच तिचा उपयोग लिहून ठेविला आहे, असें त्या वैद्यांना वाटे. म्हणून यकृताच्या विकारांवर ते ही वनस्पति देत. आकारावरून औषध ठरत नसतें, हें पुढें कळून आलें. त्या समजुतीची आठवण नांवांत तेवढी उरली. वाचकांनीं नांवावरून हिचा काढा करण्याच्या भरीस पडूं नये.

यकृतकेला फूल नाहीं, बीं नाहीं आणि खरें मूळहि नाहीं. मुळांच्या जागीं एकेका पेशीचे केंसासारखे तंतु असतात. त्यांनीं ती दगडाला धरून राहते. मोठ्या झाडांत पाणी वर चढविणाऱ्या ज्या नळ्या असतात, त्याहि हिच्यांत नाहींत. अंगाला लागेल तें पाणी ही सर्वांगानें पिते. हिच्या पुंबीजाला स्त्रीबीजापर्यंत पाण्याच्या थरांतून पोहत जावें लागतें. हा पाण्याचा थर पावसाच्या एका थेंबाएवढा असला तरी चालतो, पण तो असावा मात्र लागतो. त्यानंतर मातृवनस्पतीवरच एक बारीक कोश उभा राहतो, त्यांत धुळीसारखीं बीजुकें तयार होतात, आणि तीं पडतील तेथें ओल मिळाल्यास नवी वनस्पति उगवते. हा कोश म्हणजे वस्तुतः दुसरी पिढी होय. ती जन्मभर पहिल्या पिढीच्या घरींच राहते आणि तिच्याच अन्नावर वाढते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांना ही व्यवस्था परकी वाटूं नये. दोन पिढ्यांचें हें आळीपाळीनें येणें विल्हेल्म होफमाइस्टर या जर्मन गृहस्थानें १८५१ सालीं ग्रंथरूपानें मांडिलें. तो त्या वेळीं सत्तावीस वर्षांचा होता. त्यानें विद्यापीठाची पदवी घेतलेली नव्हती. लाइपझिग येथील वडिलांच्या पुस्तकांच्या आणि संगीतप्रकाशनाच्या धंद्यांत काम करून उरलेल्या वेळांत तो सूक्ष्मदर्शकाशीं बसे. घरचा व्यवहार सांभाळून शास्त्राची सेवा होत नाहीं, असें म्हणणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

प्रत्यक्ष ओळखण्याचें काम पायरीपायरीनें करावें लागतें. प्रथम कूळ ठरवावें. चपटा हिरवा देह दिसला कीं ती यकृतकाच, असें समजूं नये. शृंगकाहि तशीच दिसते. सूक्ष्मदर्शकाखालीं शृंगकेच्या एकेका पेशींत बहुधा एकच मोठें हरितकण दिसतें, तर यकृतकेच्या पेशींत तीं पुष्कळ असतात. पानांच्या घाटाची यकृतका असेल, तर ती आणि हरिता यांत घोंटाळा होतो. हरितेचीं पानें बहुधा दांडीभोंवतीं सर्व बाजूंनीं फिरत गेलेलीं असतात आणि त्यांतून मधली शीर जाते. यकृतकेचीं पानें ओळीनें लागतात आणि त्यांत खरी शीर नसते. शिवाय यकृतकेच्या पेशींत तेलाचे विशिष्ट कण असतात. त्यांची संख्या, आकार आणि रंग पाहून जाति ओळखावयास मोठें साहाय्य होतें. परंतु वनस्पति वाळली कीं हे कण नाहींसे होतात. म्हणून तोडलेला तुकडा ताजा असतांनाच पाहावा लागतो. वर्षानुवर्षें कपाटांत जपून ठेविलेल्या नमुन्यापेक्षां कालचा ओला नमुना कधीं कधीं अधिक बोलका असतो, तो यामुळेंच.

कूळ ठरल्यावर गण पाहावा. कायकाच्या पाठीवर साध्या भिंगांतून बारीक ठिपके दिसले, तर तीं हवेचीं छिद्रें होत. त्यांची बांधणी गणागणांत वेगळी असते. पाठीवर कलिकांनीं भरलेल्या लहानशा वाट्या आणि छत्रीसारखे उभे दांडे असले, तर ती मार्कंशिया. वाळल्यावर कडा आंत वळवून जांभळें पोट वर काढते आणि पाणी पडतांच पुन्हां उलगडते, तिच्या दांड्या पाठीच्या मधून निघत असतील तर ती प्लॅजिओकास्मा असण्याचा फार संभव. टोंकाच्या खालच्या अंगाला शिंपल्यासारखीं दोन काळसर झांकणें असली, तर ती टार्जिओनिया. छत्रीच्या खालीं कोशाभोंवतीं पांढरी झालर लोंबत असेल तर ती ॲस्टरेला. हिचेंच जुनें नांव फिंब्रिएरिया असें होतें आणि त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशीं झालर हाच अर्थ आहे. गुहेच्या तोंडाशीं किंवा जांभ्याच्या भिंतींतील अंधाऱ्या पोकळींत सोनेरी हिरवी चमक दिसली, तर तेथें सायाथोडियम असावी. ही चमक तिच्या स्वतःच्या प्रकाशाची नव्हे. अत्यंत पातळ देहावर पडलेला मंद प्रकाश परत फिरतो, त्याची ती आहे.

एवढ्यानें गण कळतो. जाति कळत नाहीं. रिक्सियाचें उदाहरण घ्या. जगांत या एका गणाच्या दोनशेंहून अधिक जाति आहेत आणि वरून पाहतां त्यांतील कितीएक बहिणीबहिणींसारख्या दिसतात. रिक्सियाचा कोश देहांतच पुरलेला असतो. देह कुजला म्हणजे बीजुकें मोकळीं होतात. त्या बीजुकांच्या पृष्ठभागावर जाळीदार नक्षी असते. जाळीचीं घरें किती, कडा रुंद कीं अरुंद, उंचवटे टोंकदार कीं बोथट, यांवर जातीचा निर्णय अवलंबून राहतो. बीजुकें पक्व होईपर्यंत थांबावें लागतें. आषाढांत सांपडलेल्या कोंवळ्या चक्राचें नांव भाद्रपदाशिवाय सांगतां येत नाहीं. उतावळ्या माणसाला हा विषय मानवत नाहीं, हें खरें.

उतावळेपणाचा परिणाम काय होतो, हें या शास्त्राच्या इतिहासांतच दिसतें. फ्लॉरेन्सच्या मिकेली यानें १७२९ सालच्या ग्रंथांत रिक्सिया, टार्जिओनिया इत्यादि गणांना नांवें दिलीं, तेव्हांपासून या कुळाची शास्त्रीय गणना नीट सुरू झाली. पुढें लाइपझिगच्या फ्रान्झ स्टेफानी यानें जगांतील सर्व यकृतकांवर सहा खंडांचा ग्रंथ लिहिला. देशोदेशींचे नमुने त्याच्याकडे येत आणि त्यानें हजारों जाति नव्या म्हणून नोंदल्या. काम अचाट होतें. परंतु पुष्कळ जाति त्यानें एखाद्या तुटपुंज्या वाळलेल्या नमुन्यावरून ठरविल्या होत्या. मागून आलेल्या अभ्यासकांना त्यांतील कितीएक नांवें एकाच वनस्पतीचीं निघालीं, आणि तीं रद्द करण्यांत दीर्घ काळ गेला. अशा रद्द झालेल्या नांवांपैकीं प्रत्येक नांव मध्यंतरीं एका दुर्मीळ जातीचें म्हणून मिरवत होतें. कारण ज्या नांवाचा नमुना जगांत एकच आहे, ती जाति दुर्मीळ ठरणारच!

आमच्या देशांत या अभ्यासाचा पाया शिवराम कश्यप यांनीं घातला. ते लाहोरच्या सरकारी कॉलेजांत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. हिमालयाच्या दऱ्याखोऱ्यांतून पायीं हिंडून त्यांनीं पश्चिम हिमालय आणि पंजाबचें मैदान येथील यकृतकांवर दोन भागांचा ग्रंथ केला. पहिला भाग १९२९ सालीं आणि दुसरा १९३२ सालीं निघाला. सीवर्डिएला, स्टीफन्सोनिएला हे गण त्यांनींच प्रथम वर्णिले. त्यांचा विशेष असा कीं, डोंगर आणि मैदान हीं त्यांनीं एकाच ग्रंथांत शेजारीं शेजारीं ठेविलीं, आणि वनस्पति जिवंत असतांना, तिच्या जागीं, तिच्या ऋतूंत पाहिली. १९३४ सालीं ते वारले. महाराष्ट्रांत डॉ. त्र्यं. शं. महाबळे यांनीं एका सहकाऱ्यासह फिंब्रिएरियाच्या एका जातीची रचना व जीवनक्रम १९४५ सालीं मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं, १९४६ सालीं, शंकर पुरुषोत्तम आघारकर प्रभृतींच्या प्रयत्नानें पुण्यांत जी शास्त्रसंवर्धक संस्था निघाली, ती आज आघारकर संशोधन संस्था या नांवानें ओळखली जाते. आज भारतांतील यकृतकांच्या आणि शृंगकांच्या ज्ञात जाति मिळून नऊशेंच्या आसपास भरतात.

केवळ ओळखीवर सारा निर्णय कसा फिरतो, याची एक नवलाची गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जोसेफ हुकर यांनीं सिक्कीमच्या हिमालयांतून एक अगदीं चिमुकली वनस्पति आणिली. विल्यम मिटन यांनीं १८६१ सालीं तिला एका यकृतकागणांत घातलें आणि ती कपाटांत पडून राहिली. १९५१ सालीं जपानांतील पर्वतावर टाकाकि नांवाच्या अभ्यासकाला तशीच, पाझरत्या खडकांजवळ वाढणारी, सेंटिमीटरभर उंचीची वनस्पति आढळली. ती हरिता कीं यकृतका, हें कोणालाच सांगवेना. जपानी लोकांनीं तिला "हें आहे तरी काय" अशा अर्थाचें नांव दिलें. १९५८ सालीं तिला टाकाकिया हें शास्त्रीय नांव मिळालें आणि पुष्कळांनीं तिची गणना यकृतकांत केली. हुकर यांची सिक्कीमची वनस्पति हीहि त्याच गणांतील, हें १९६३ सालीं ठरलें. परंतु कोश कोणीच पाहिला नव्हता. अखेर अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर कोश धरलेली टाकाकिया सांपडली आणि १९९३ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध झालें. यकृतकेचा कोश बहुधा चार पाकळ्यांनीं उघडतो आणि त्याचा दांडा एक-दोन दिवसांत कोमेजतो. टाकाकियाचा दांडा टिकाऊ निघाला, आणि कोश पिळवटलेल्या एकाच चिरेनें उघडणारा निघाला. ही वनस्पति यकृतका नव्हेच, हरिता आहे, असा निकाल लागला. म्हणजे सव्वाशेंहून अधिक वर्षें ती परक्या घरांत राहिली होती. आणि तिला स्वगृहीं नेलें तें मोहरीएवढ्या कोशानें.

या सर्वांतून आम्ही एक निष्कर्ष काढतों. "दुर्मीळ" या शब्दाचे तीन अर्थ होतात आणि ते वेगळे ठेवावयास हवेत. कांहीं वनस्पति दुर्मीळ दिसतात, कारण त्या वर्षांतून कांहीं आठवडेच वर येतात. सायाथोडियमच्या एका जातीसारख्या कांहीं तर उरलेला काळ बारीक गांठींच्या रूपानें मातींत काढतात. कांहीं दुर्मीळ वाटतात, कारण त्यांना पाहणारा माणूस दुर्मीळ असतो. आणि कांहीं खरोखरच दुर्मीळ असतात, कारण त्यांना लागणारी जागाच थोडी असते : सदा पाझरणारा एखादा कडा, डोंगरमाथ्यावरील पाणी धरणारा खडकाचा खोलगट भाग, झऱ्याच्या तोंडाशीं असलेली सावली. पहिल्या दोन प्रकारांना तिसऱ्याचें नांव दिलें, तर खोटी हांकाटी होते. आणि तिसऱ्याला "शेवाळ" म्हणून सोडून दिलें, तर खरी हानि होते. ही दुसरी चूक भरून निघत नाहीं. झऱ्याच्या कुंडाला सिमेंटचा गिलावा केला, डोंगरमाथ्याच्या ओल्या सपाटीवर वाहनें उभीं केलीं, कड्यावरची झाडी तोडून ऊन आंत घेतलें, तर हत्ती किंवा वाघ मरावा तसा कांहीं गाजावाजा होत नाहीं. चार हात लांबीच्या ओल्या पट्टींत जें होतें तें वाळून जातें, आणि जें गेलें त्याचें नांवहि कोणास ठाऊक नसतें. पश्चिम घाटांतील निवडक स्थळांना २०१२ सालीं जागतिक वारशांत स्थान मिळालें आणि त्यांत कासचें पठारहि आहे. तेथें फुलांच्या दिवसांत लोटणारी गर्दी फुलें पाहते. फुलांच्या मुळाशीं ओल्या मातीला चिकटून असलेलें हिरवें चक्र बहुधा तिच्या पायाखालीं येतें.

मग घरच्या माणसांनीं काय करावें? पुष्कळ करितां येईल. दहापट मोठें दाखविणारें भिंग, कागदाच्या घड्या आणि शिसपेन्सिल एवढें साहित्य पुरे. शाई पावसांत पसरते. आपल्या विहिरीच्या, शेताच्या, पाटाच्या कांठीं जें दिसेल त्यांतून नखाएवढाच तुकडा घ्यावा, पट्टी खरवडूं नये. कोश धरलेला तुकडा मिळाल्यास उत्तम. ताजेपणीं भिंगांतून पाहून जें दिसलें तें लिहावें. मग तो कागदांत सावलींत वाळवावा. प्लॅस्टिकच्या पिशवींत तो कुजतो. घडीवर तारीख, गांव, दगड कीं माती, सावली कीं ऊन, पाणी वाहतें कीं झिरपतें, इतकें अवश्य लिहावें. या माहितीवांचून नमुना म्हणजे पत्त्यावांचूनचें पत्र होय. भीमाशंकरसारख्या अभयारण्यांत परवानगीवांचून काडीहि तोडूं नये. तेथें छायाचित्र घ्यावें आणि शेजारीं मोजपट्टी ठेवावी. संशय राहिल्यास पुण्यांतील आघारकर संस्था, भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम विभागाचें कार्यालय किंवा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग यांच्याकडे विचारणा करावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, शोधूनहि जेथें कांहीं सांपडलें नाहीं त्या जागेचीहि नोंद ठेवावी. दुर्मीळपणाचा पुरावा अशा रिकाम्या नोंदींतूनच उभा राहतो.

मांडवगणच्या पाटाकडेची रिक्सिया आणि भीमाशंकरच्या कड्यावरची एखादी अनोळखी यकृतका यांची एकच वही एखाद्या घरांत चार पावसाळे चालली, तर तिचें मोल मोठें होईल. सामान्य काय आहे हें ज्याला ठाऊक, त्यालाच असामान्य ओळखतां येतें. आणि सामान्य गोष्ट घराजवळच असते. अशी वही पुढें मुलांच्या हातीं जाईल, त्यांच्याकडून नातवंडांच्या, आणि अमुक झऱ्यावर अमुक सालीं अमुक वनस्पति होती, हें निदान एका घराला तरी सांगतां येईल. नांव नसलेल्या वस्तूच्या बाजूनें साक्ष द्यावयास कोणी उभें राहत नाहीं. नांव मिळालें, म्हणजे निदान विचारपूस तरी सुरू होते.